पाट्यावरचे दहा हात

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर विचारलं, "एकतीस वर्षं अंगणवाडी चालवलीत. नेमकं काय केलंत, ते लिहाल का?"

मी म्हणाले, "लेकरांना चावायला शिकवलं."

ते हसले. मग म्हणाले, "मॅडम, ते काय शिकवावं लागतं?"

या प्रश्नाचं उत्तर लिहायला मला साडेतीन आठवडे लागले. सकाळी चहा झाला की वही घेऊन बसते आणि अर्धं पान लिहिते. एखाद्या वाक्यापाशी अडले की, हे गयाबाईंना विचारू, असं मनात येतं. मग त्या दिवशीचं लिहिणं तिथंच थांबतं. गयाबाई आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस. कागदावर मी सेविका आणि त्या मदतनीस. सत्तावीस वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं. गेल्या पौषात त्या गेल्या.

आमचं गाव कुरुंद्यापासून सात-आठ किलोमीटरवर. चहूकडे हळद. हळद शिजवायचे दिवस आले की तो वास कपड्यांत बसतो आणि पंधरवडाभर निघत नाही. अंगणवाडीची एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत आधी चूल होती, पुढे गॅस आला. खोलीच्या आढ्याला एक हूक, हुकाला काटा, काट्याला झोळी. गावातलं प्रत्येक लहान लेकरू महिन्यातून एकदा त्या झोळीत लटकायचं. झोळीत बसवलेलं लेकरू हमखास मुततं. वजन मुतायच्या आधीचं धरायचं की नंतरचं, असं मी एका प्रशिक्षणात विचारलं होतं. सगळा वर्ग हसला. मी मात्र मनापासून विचारलं होतं, कारण शंभर ग्रॅम इकडेतिकडे झाले तर एखाद्या लेकराचा ठिपका कमी वजनाच्या पिवळ्या पट्ट्यातून हिरव्यात जातो.

हा ठिपका म्हणजे आमच्या कामाचा जीव. प्रत्येक लेकराचा एक तक्ता असतो. त्यात दर महिन्याला वजनाचा ठिपका द्यायचा आणि ठिपके जोडत जायचं. रेघ वर चढत असेल तर बरं चाललंय. आडवी झाली की आपण उठायचं, चप्पल घालायची आणि त्या घरी जायचं. पुस्तकी माणसाला हे काम आवडतं. मला आवडायचं. मी तक्ते घरी नेऊन रेघा पुन्हा पुन्हा बघत असे. गयाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या लेकराच्या दंडाला दोन बोटांनी धरून बघत आणि सांगत, "हे उतरलं म्याडम." मी काट्यावर बघायचे. उतरलेलं असायचं.

आता त्या चावण्याबद्दल. सहा महिन्यांपर्यंत लेकराला आईचं दूध पुरतं. सहा महिने झाले की वाटी-चमचा सुरू. मऊ वरण-भात, शिजवून कुस्करलेला भोपळा, बटाटा. इथवर बहुतेक घरांना ठाऊक असतं. पुढची पायरी सांगायची राहून जाते. आठव्या-नवव्या महिन्यात त्या मऊ अन्नात गाठी दिसल्या पाहिजेत, शितं दिसली पाहिजेत. दात नसले तरी हिरड्या काम करतात. वर्षाचं होईतो लेकरू घरच्यांच्या ताटातलं, बिनतिखटाचं, कुस्करलेलं खायला लागलं पाहिजे. ही मधली पायरी चुकली की जीभ आळशी होते. घास आला की सरळ मागं ढकलायचा, एवढंच तिला येतं. घास बाजूला हिरडीकडे न्यायचा असतो, हे तिला कधी कळतच नाही. मग एखादं शित लागलं तरी लेकरू उमासे काढतं. आई घाबरते आणि पुन्हा सगळं पातळ करते. पातळ अन्नानं पोट लवकर भरतं आणि लवकर रिकामं होतं. रेघ आडवी होते.

गिऱ्हाइकं म्हणावीत अशी माणसं याही धंद्यात भेटतात. एक आई वरण पंच्यातून गाळून घ्यायची आणि पंच्यात उरलेली डाळ म्हशीला घालायची. तिची म्हैस चांगली गुटगुटीत होती. एकाचा वारंगा फाट्यावर टायर पंक्चरचा धंदा होता. तो पोराला नुसती चहात बुडवलेली बिस्किटं चारायचा आणि मला सांगायचा, "म्याडम, ह्याच बिस्किटावर मी वाढलो." गयाबाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "ते दिसूनच राहिलं." तो गेला आणि दुसऱ्या दिवशी केळी घेऊन आला.

पण मला लिहायचंय ते ओंकारबद्दल. ओंकारच्या बाबतीत चूक माझी होती.

ओंकार हा सोनालीचा पहिला मुलगा. सोनाली बारावी झालेली, शांत, सांगितलेलं ऐकणारी. तिचा नवरा बालाजी टेम्पो चालवायचा. घरात कर्ता शब्द सासूचा, मथुराबाईंचा. ओंकार सहा महिन्यांचा झाला तेव्हा आम्ही अंगणवाडीत त्याचं अन्नप्राशन केलं. सोनालीनं घरून वाटी आणली होती. लग्नात आलेल्या मिक्सरवर वाटलेली खिचडी, मलईसारखी गुळगुळीत. मला इतकी आवडली की ती वाटी मी जमलेल्या सगळ्या आयांना फिरवून दाखवली. "अशी पाहिजे," मी म्हणाले. "ह्यात एक कण सापडणार नाही." सोनालीचा चेहरा उजळला.

सहा महिन्यांच्या लेकरासाठी ती वाटी बरोबरच होती. पण दोन-तीन महिन्यांनी तिच्या घरी जाऊन, आता मिक्सर बंद कर, हे सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं नाही. त्या काळात पाहण्या होत्या, फॉर्म होते, मोबाइलवर माहिती भरायचं नवं काम होतं. रेघ चढत होती म्हणून मी त्या घराकडे फिरकले नाही. अर्धा धडा शिकवला आणि उरलेला अर्धा माझ्याच वहीत राहिला.

वर्षाच्या सुमाराला रेघ आडवी झाली. दुसऱ्या महिन्यात आडवी, तिसऱ्यातही आडवी. हिरव्यातला ठिपका पिवळ्याच्या काठावर आला. तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासून सांगितलं की आजार काही नाही, ह्याला खायला शिकवा. महिनाभरात वजन हललं नाही तर दवाखान्यात ठेवून घ्यावं लागेल. मी घरी गेले. सोनाली खिचडी मिक्सरमध्ये वाटत होती. पंधरा महिन्यांच्या, सहा दात आलेल्या पोरासाठी तीच मलईसारखी वाटी, जिचं मी कौतुक केलं होतं.

"आता असं नको वाटूस," मी म्हणाले.

सोनालीनं सासूकडे बघितलं. मथुराबाई म्हणाल्या, "काहून? तुमीच तर सांगितलं व्हतं."

उत्तर नसलं की शिकलेला माणूस घाई करतो. मी सोनालीला वाटीत मऊ वरण-भात घ्यायला लावला आणि चमच्यानं अख्ख्या शितांचा घास स्वतः ओंकारच्या तोंडात घातला. त्याचे डोळे मोठे झाले. जीभ बाहेर आली. एक उमासा, दुसरा उमासा, आणि सकाळपासून पोटात गेलेलं सगळं माझ्या पदरावर. मथुराबाईंनी त्याला माझ्या पुढ्यातून अक्षरशः ओढून घेतलं.

"उठा," त्या म्हणाल्या. "म्याडम असा का कुनी असा. माझ्या लेकराला हात लावायचा न्हाई."

सोनाली माझ्यामागं दारापर्यंत आली. दुसऱ्या दिवसापासून ओंकारला अंगणवाडीत आणणं बंद झालं.

मी गयाबाईंना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "मथुराबाईचं दोन वर्साचं पोरगं गेलं व्हतं. गजू. खळ्यावर हरभऱ्याची रास व्हती. ही उपणून राहिली व्हती, पोरगं राशीपाशी खेळून राहिलं व्हतं. एक दाणा घशात गेला. कुरुंद्याला नेऊस्तोर बैलगाडीतच गेलं. तवापून त्यांच्या रानात हरभरा पेरत न्हाईत."

मी गावात तेवीस वर्षं काम करत होते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"मला काहून न्हाई सांगितलं?" मीही त्यांच्यासारखंच बोलून गेले.

"तुमी इच्यारलं न्हाई. तुमी तक्त्यात पाहून राहिल्या." त्यांनी खडा काढून बाहेर टाकला. "उद्या मी जाते."

"मी येऊ?"

"तुमी दाराशी उभ्या ऱ्हा. आत येऊ नका."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. गयाबाई बौद्ध. आमच्या अंगणवाडीची खिचडी काही घरं लेकरांना तिथं बसून खाऊ द्यायची, पण डबा भरून घरी न्यायची नाहीत. कारण कोणी बोलून दाखवत नसे. गयाबाईंना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि त्यांनी सत्तावीस वर्षांत एकदाही मला ते बोलून दाखवलं नाही. मथुराबाईंचं घर त्या घरांपैकी एक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. गयाबाईंच्या हातात काहीच नव्हतं. ना वाटी, ना सरकारी आहाराचं पाकीट. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्याइचंच घर, त्याइचंच अन्न, त्याइचाच हात. माझं नुसतं तोंड."

मी दाराशी थांबले. गयाबाई अंगणात गेल्या आणि उकिडव्या बसल्या. गयाबाईंनी इकडचं तिकडचं सुरू केलं. हळद किती निघाली, बालाजीचा टेम्पो कुठं गेला. मग मोरीकडे बघत म्हणाल्या, "पाटा असा काहून टाकला तुमी?"

मोरीपाशी दगडी पाटा पालथा पडला होता. त्यावर धुणं आपटायचे. मिक्सर आल्यावर गावात बहुतेक पाट्यांची हीच गत झाली होती.

"कोन वाटतं आता," मथुराबाई म्हणाल्या.

"मिक्सरात काय ऱ्हायलं, काय न्हाई, कळतं का पर तुमाला?"

"काय म्हणायलीस?"

"न्हाई, तसं इच्यारलं. झाकण लावायचं, बटन दाबायचं. आत एखादा दाना ऱ्हायला तर कुनाला दिसतो? पाट्यावर कसं, हाताखाली कळतं. एक कण ऱ्हायला तरी तळव्याला टोचतो."

मथुराबाईंनी आपला तळवा पाहिला. मी दारातून बघत होते. माझ्या एकतीस वर्षांत मी ऐकलेलं ते सर्वात हुशार बोलणं. गयाबाईंनी त्या बाईची भीती खोटी ठरवली नाही. त्या भीतीला राखण करायला एक जागा दिली.

मथुराबाईंनी स्वतः पाटा सुलटा केला, घासून धुतला, दगडावर दगड घासून टाकी मारल्यासारखा खरखरीत केला. सोनालीनं शिजलेली मुगाची खिचडी आणली. मथुराबाईंनी वरवंटा फिरवला. गयाबाई मोठ्यानं मोजत होत्या. एक हात, दोन हात. दहाव्या हाताला खिचडी मिक्सरसारखीच गुळगुळीत झाली. ओंकारनं ती खाल्ली.

"उद्या नऊ," गयाबाई उठता उठता म्हणाल्या.

"नऊ काहून?"

"बगा तुमी. तळव्याला टोचलं तर दहा करा. तुमच्याच हातात हाय."

नऊ हातांत काही टोचलं नाही. तिसऱ्या दिवशीही नऊच झाले. चौथ्या दिवशी आठ. गयाबाई रोज अंगणवाडी उघडायच्या आधी तिथं जाऊन बसत. मी रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवत असे: आज सात, खाल्लं. आज सात, अर्धं खाल्लं. आज सहा. ते पान माझ्याकडे आजही आहे. सरकारी रजिस्टरातून पान फाडणं बरं नव्हे, पण निवृत्त होताना मी ते फाडलं.

गयाबाईंचे आणखी काही नियम होते. ते पुस्तकातही असतात, पण त्यांच्या तोंडून निराळे वाटायचे. लेकरू मांडीवर ताठ बसलं पाहिजे. निजवून, रडताना, पळताना घास द्यायचा नाही. घास तोंडात कोंबायचा नाही. ओठापाशी न्यायचा आणि त्याला तोंड पुढं करू द्यायचं. (हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नसत, हा त्यांचा मोठेपणा.) समोर कोणीतरी चावून खात बसलं पाहिजे, म्हणजे लेकरू बघून शिकतं. आणि लेकरू चावतंय की नुसतं गिळतंय हे ओळखायचं तर तोंडाकडे बघायचं नाही. तोंड फसवतं. कानशिलाकडे बघायचं. चावत असेल तर कानशील हलतं.

बाराव्या-तेराव्या दिवशी गाडी चार हातांवर आली. आता वाटीत शितांचे तुकडे दिसत होते. मथुराबाईंना तळव्याखाली ते कळत होते, आणि तरी त्यांनी पाचवा हात मारला नाही. मला आता अंगणात यायची परवानगी होती, बोलायची नव्हती. ओंकार गयाबाईंच्या मांडीवर होता. मथुराबाई बोटानं घास देत होत्या. तिसऱ्या घासाला त्याची जीभ बाहेर आली, चेहरा लाल झाला आणि उमासा आला. खाकरल्यासारखा मोठा आवाज.

मथुराबाईंनी त्याच्या तोंडात बोट घालायला हात पुढं केला. गयाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"बोट घालू नका. आत जाईल."

"सोड!"

"आवाज येऊन राहिला ना? आइका. आवाज हाय तवर वारा जाऊन राहिला. आवाज हाय तवर भ्यायचं न्हाई. मी हाय, माझा हात हाय."

त्यांचा दुसरा हात ओंकारच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये टेकलेला होता. घास खरंच अडकला, आवाज बंद झाला, तर काय करायचं ते आम्ही दोघी शिकलो होतो. गयाबाई माझ्या शेजारी बसून शिकल्या होत्या आणि माझ्यापेक्षा नीट शिकल्या होत्या. मी उठून उभी राहिले होते. सोनाली दाराची चौकट धरून होती. मोजले असते तर पाच-सहा श्वास झाले असतील. मला ते फार लांब वाटले.

ओंकारनं तो घास जिभेनं पुढं आणला. ओठापर्यंत आला. तो बाहेर टाकणार असं वाटलं. मग त्यानं तोंड मिटलं, आणि त्याचं कानशील हललं. एकदा. दुसऱ्यांदा. मग त्यानं गिळलं आणि आजीकडे बघून पुन्हा तोंड उघडलं.

मथुराबाईंचं मनगट अजून गयाबाईंच्या हातात होतं. त्या म्हणाल्या, "माझ्या गजूचा आवाज आला न्हवता, गयाबाई."

"व्हय," गयाबाई म्हणाल्या.

"मी उपणून राहिले व्हते. पाठ व्हती माझी. आवाजच आला न्हाई, न्हाईतर मी वळले असते."

"वळल्या असत्या तुमी. कुनीबी वळलं असतं."

ओंकारनं वाटीत हात घातला आणि एक मूठ स्वतःच तोंडात कोंबली. निम्मी हनुवटीवर, निम्मी आत. सोनाली हसली. त्या घरात तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढं तीन हात, दोन हात. एक हात झाला त्या दिवशी मथुराबाई म्हणाल्या, "एका हातासाठी पाटा कोन धूत बसन," आणि खिचडी बोटांनीच कुस्करली. काही दिवसांनी ओंकारनं आजोबांच्या ताटातला दुधात भिजलेला भाकरीचा तुकडा उचलला. सगळं घर श्वास धरून त्याच्या कानशिलाकडे बघत होतं.

महिन्याच्या वजनाला तो झोळीत बसला आणि मुतला. मुतल्यानंतरचं वजन धरूनसुद्धा रेघ वर गेली. तीनशे ग्रॅम. मी तो ठिपका इतका गडद दिला की कागदाला भोक पडलं.

त्यानंतर मी मातांच्या बैठकीत एका वाटीऐवजी चार वाट्या मांडायला लागले. पहिली गुळगुळीत, दुसरी गाठीची, तिसरी शितांची, चौथ्या वाटीत भाकरीचा मऊ तुकडा. आणि प्रत्येक वाटीमागं ती किती महिन्यांची, त्याची चिठ्ठी. त्यानंतर आमच्या गावात, चावता येत नाही म्हणून एकाही लेकराची रेघ आडवी झाली नाही. हे मी अभिमानानं लिहिते. एकतीस वर्षांत मी बरंच काही अर्धवट केलं, हे पुरं केलं.

चार वाट्यांची गोष्ट वरपर्यंत गेली. वसमतला एका बैठकीत मला पुढं बोलावलं, प्रमाणपत्र दिलं, फोटो काढला. मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी लेकराची जीभ, हिरड्या, महिने असं सगळं छान बोलले. "आम्ही" असा शब्द वापरला. आम्ही म्हणजे कोण, हे सांगितलं नाही. मदतनिसांना त्या बैठकीला बोलावत नसत. मी परत आले आणि प्रमाणपत्र गयाबाईंना दाखवलं. त्यांनी पदराला हात पुसून ते घेतलं, उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाल्या, "कागद चांगला जाड हाय." मग मला दिलं. ते मी कपाटात पुस्तकांच्या मागं ठेवलं आहे, समोर ठेवायचं धाडस झालं नाही. पुढं त्या हयात असताना कितीतरी वेळा बोलता आलं असतं. मी मितभाषी आहे असं लोक म्हणतात. काही वेळा तो नुसता आळस असतो.

गयाबाईंच्या पुण्यानुमोदनाला गाव बऱ्यापैकी आलं. वंदना झाली, त्यांच्या मुलानं दोन शब्द बोलायला मला सांगितलं. या खेपेला मी पाटा, दहा हात, तळवा, कानशील, सगळं त्यांच्या नावानं सांगितलं. मग जेवणाच्या पंगती बसल्या. मला जेवण जात नव्हतं. त्या गेल्यापासून चार-पाच दिवस मी चहा आणि पातळ पेजेवर होते.

मी पडवीत बसले होते. मथुराबाई आल्या, चौथीतल्या ओंकारला घेऊन. उंच झालाय तो, गुडघे खरचटलेले. मथुराबाईंनी पंगतीत बसून गयाबाईंच्या घरचं अन्न खाल्लं. सावकाश, पूर्ण ताट, सगळ्यांच्या देखत. मग येऊन माझ्या शेजारी टेकल्या. जेवल्या का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी पेजेचं सांगून टाकलं. त्यांच्याजवळ एक पेंढी होती, फडक्यात गुंडाळलेली. त्यांनी फडकं सोडलं. हिरवेगार हरभऱ्याचे ढाळे होते, घाटे टपोरे भरलेले.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"औंदा पेरला," त्या म्हणाल्या. "ह्यानंच हट धरला. शाळंतली समदी पोरं ढाळे आणतात म्हनं, आपल्या रानात काहून न्हाई. काय सांगावं त्याला? लई दिस इचार केला. मंग बांधाच्या कडंला पेरला, दोनच तासं. गयाबाईला पयली पेंढी न्यायची व्हती." त्यांनी फडक्याची घडी घातली. "चार दिस उशीर झाला."

ओंकार पेंढीतला एक ढाळा ओढून आमच्यासमोर बसला. घाटा फोडायचा, दाणा तोंडात टाकायचा. मथुराबाई त्याच्याकडे बघत होत्या. तोंडाकडे नाही. मीही तिकडेच बघत होते.

"बसून खाय रे," त्या म्हणाल्या. "बोलू नको खाताना."

"बसूनच खाऊन राहिलो ना, आजी."

मथुराबाईंनी एक घाटा सोलला आणि दोन कोवळे दाणे माझ्या तळहातावर ठेवले.

"घ्या म्याडम. पेजेवर किती दिस काढता? चावा."

मी दाणे तोंडात टाकले आणि चावले.